सहाशे ठसे

पहिल्या सत्रात सी भाषेच्या प्रॅक्टिकलला एक प्रोग्राम सगळ्यांनाच करावा लागतो: दिलेला शब्द उलटा करून छापा. लॅबमधल्या बाकीच्यांनी आपापली नावं इंग्रजीत टाकली, उलटी झालेली पाहून हसली, जर्नलवर सही घेतली आणि भाजी-पाव खायला कँटीनला गेली. मी 'मराठी' हा शब्द टाकला. लिनक्सवर मराठी कीबोर्ड कसा चालू करायचा ते मला आदल्याच दिवशी कळलं होतं. त्याचा आनंद होता, बाकी काही कारण नव्हतं.

पडद्यावर काळ्या शंकरपाळ्यांची ओळ उमटली. प्रत्येक शंकरपाळ्यात एक पांढरं प्रश्नचिन्ह. खाली शब्दाची लांबी छापलेली: 15.

सावईवेऱ्याच्या मराठी शाळेत पाटीवर गिरवलेला शब्द. म, रा, ठी. तीन अक्षरं. पंधरा आले कुठून? मी प्रोग्राम तीनदा तपासला, चौथ्यांदा नव्याने लिहिला. पुन्हा शंकरपाळ्या. सर मागे येऊन उभे राहिले, वाकून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "प्रोग्राम बरोबर आहे तुझा. आज घरी जाऊन यूटीएफ-8 वाच." आणि त्यांनी सही केली.

मडगावहून फोंड्याला येणाऱ्या कदंब बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि मी मोबाईलवर वाचत सुटले. बोरीचा पूल कधी आला तेही कळलं नाही. मशीनला अक्षर दिसत नाही, आकडे दिसतात. युनिकोडने, म्हणजे जगातल्या लिपींना आकडे ठरवून देणाऱ्या मानकाने, देवनागरीला 128 घरं दिली आहेत. म हे एक घर, र दुसरं, काना तिसरं, ठ चौथं, वेलांटी पाचवं. यूटीएफ-8 ही ते आकडे साठवण्याची पद्धत; तिच्यात यातल्या प्रत्येक घराला तीन बाइट लागतात. पाच त्रिक पंधरा. माझा प्रोग्राम एकेक बाइट उचलून उलटा मांडत होता, म्हणजे प्रत्येक घराच्या भिंती पाडून विटा उलट्या रचत होता. त्यातून म कसा उभा राहणार?

दुसऱ्या दिवशी बाइटऐवजी घरं उलटी केली. आता शंकरपाळ्या गेल्या, पण जे आलं ते बघून पोटात कसंसंच झालं. र चा काना ठ ला जाऊन चिकटला होता. आणि सगळ्यांत पुढे ठ ची वेलांटी एकटीच उभी. तिला धरायला व्यंजन नाही म्हणून मशीनने ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ काढून तिला त्याच्या आधाराला दिलं होतं. ते ठिपक्यांचं वर्तुळ मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. मग 'स्त्री' लिहून पाहिलं. डोळ्याला एक अक्षर, मशीनला सहा: स, मोडलेला पाय, त, मोडलेला पाय, र, वेलांटी. त्या दिवशी मला जो विषय आवडला तो पुढची चार वर्षं आवडत राहिला.

आता कॉलेजबद्दल, कारण ते ख्रिस्ती संस्थेचं होतं. गोव्यात ख्रिस्ती विद्यापीठ असं वेगळं नाही. ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संस्थांनी चालवलेली कॉलेजं आहेत, पदवी गोवा विद्यापीठाची मिळते. जीसीईटी या गोव्याच्या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर मला साष्टीतल्या, म्हणजे मडगावच्या तालुक्यातल्या, अशा एका कॉलेजात कॉम्प्युटरला जागा मिळाली. बाबांनी फीचा हिशेब केला, आईने बसच्या वेळा विचारून घेतल्या. आजोबा मात्र दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेत, पाणी सोडताना म्हणाले, "आपले देव नदी ओलांडून इकडं आले, बाय. तू उलट चाललीस."

आमच्या फोंडे महालात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मंगेशी कुठ्ठाळीहून आला, म्हाळसा वेरण्याहून, शांतादुर्गा केळशीहून. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं, 1567 च्या सुमारास साष्टीतली देवळं पाडली गेली, राशोलच्या किल्ल्याचा कप्तान त्यात पुढे होता. लोकांनी रातोरात मूर्ती उचलल्या आणि होडीतून पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर, आमच्या अंत्रूजमध्ये, म्हणजे फोंडे महालात, आणल्या. साडेचारशे वर्षांपूर्वीची गोष्ट, पण आजोबांच्या तोंडी ती काल घडल्यासारखी असायची. मी त्यांना काही उत्तर दिलं नाही. माझ्याकडे ते नव्हतंच.

कॉलेजात सकाळी स्पीकरवरून लहानशी प्रार्थना व्हायची. सगळे उभे राहायचे, मीही राहायचे. पहिल्या आठवड्यात मनात कालवाकालव व्हायची, मग त्या दोन मिनिटांच्या शांततेची सवय लागली आणि पुढे ती हवीशी वाटू लागली. आवारात एक लहान चॅपल होतं. परीक्षेच्या दिवसांत त्याच्या पायऱ्यांवर गारवा असायचा म्हणून आम्ही तिथे बसून पाठांतर करायचो, त्यात कोण कुठल्या धर्माचं हे कुणी पाहिलं नाही. डिसेंबरात नाताळच्या ताऱ्यांची स्पर्धा व्हायची. चतुर्थीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीला, बांधलेल्या काठ्यांचा अनुभव मला असल्यामुळे बांबू सोलायचं काम माझ्याकडे यायचं. एका वर्षी आम्ही ताऱ्याच्या पाच टोकांत दिवे बसवून ते आर्डुइनो नावाच्या छोट्या कंट्रोलर बोर्डवर पेटवले होते.

लायब्ररीचं एक वयस्कर फादर बघायचे. जेवणाच्या सुट्टीत मी तिथेच डबा संपवून यायचे हे त्यांना ठाऊक होतं, तरी रोज विचारायचे, "जेवलें गो बाय?" आमचं बोलणं कोंकणीतच. घरीही आम्ही कोंकणी बोलतो आणि मराठी वाचतो; हरिपाठ मराठी, वर्तमानपत्र मराठी, आजोबांची ज्ञानेश्वरी मराठी. गोव्याबाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. आम्हाला ते एका घराच्या दोन खोल्यांसारखं आहे.

मी देवनागरीचे बाइट मोजत बसते हे फादरना कळलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि फादर थॉमस स्टीफन्सची गोष्ट सांगितली. स्टीफन्सचं नाव मला शाळेपासून माहीत होतं. हरळांमधल्या रत्नकिळेची ती मराठीच्या स्तुतीची ओवी कुणाला माहीत नाही? इंग्रज माणूस, जेझुइट संघाचा ख्रिस्ती धर्मगुरू, 1579 मध्ये गोव्यात आला, साष्टीत राहिला, इथली भाषा शिकला आणि त्याने सुमारे 11 हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत रचलं. 1616 मध्ये ते राशोलला छापलं गेलं. एवढं सगळं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. फादरनी जे सांगितलं ते मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

ते पुराण रोमन लिपीत छापलं गेलं.

मराठी ओव्या, पण अक्षरं रोमन. आणि स्टीफन्सला ते तसं नको होतं. 1608 मध्ये त्याने रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्र लिहिलं, त्यात म्हटलं की या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत पुस्तकं छापावीत अशी माझी कित्येक वर्षांची इच्छा आहे. अडचण ही, की इथली अक्षरं युरोपातल्यासारखी चोवीस नाहीत. इथे प्रत्येक अक्षर म्हणजे अख्खा उच्चार, आणि त्यासाठी सहाशे ठसे ओतावे लागतील. ते अशक्य वाटतं.

"सहाशे," फादर म्हणाले, "कुठून आणायचे?"

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. ळ धरून व्यंजनं 34. प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे 34 गुणिले 12, 408. त्यात सुटे स्वर, आणि मग जोडाक्षरं: क्ष, ज्ञ, त्र, स्त, ष्ट, न्ह, म्ह, र्य. सहाशे सहज होतात. त्या माणसाने बसून मोजलं होतं. छापखान्याचा खर्च सांगणारा तो हिशेब चारशे वर्षांनी माझ्या वहीत तसाच उतरत होता. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायला सोपं नाही. ज्या मिशनऱ्यांबद्दल घरी फक्त मूर्ती आणि होड्या ऐकल्या होत्या, त्यांच्यातला एक जण माझ्याच बाकावर बसून माझाच प्रश्न सोडवत होता.

भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात लागला. म्हणजे यंत्र होतं, कागद होता, लिहिणारा होता. अडलं ते 'अक्षर म्हणजे काय' या एका प्रश्नावर. शिशाच्या ठशात 'स्त्री' हा एक ठसा, 'स्त्रि' हा दुसरा. ते सुटे करून जोडायची सोय शिशात फारच अवघड. आपल्याकडे 1988 मध्ये भारतीय लिपींसाठी इस्की नावाचं मानक आलं आणि त्याच्या आधारावर 1991 मध्ये युनिकोडमध्ये देवनागरी बसली. त्यातली युक्ती साधी आणि अतिशय सुंदर आहे: जोडलेलं अक्षर साठवायचंच नाही. साठवायचे फक्त सुटे भाग आणि पाय मोडण्याची खूण. जोडण्याचं काम फॉन्टवर सोपवायचं. प्रत्येक चांगल्या देवनागरी फॉन्टच्या पोटात एक तक्ता असतो. स च्या मागून पाय मोडला आणि त आला तर हे चित्र काढ, त्यामागून पुन्हा पाय मोडून र आला तर ते. सहाशे ठसे गेले नाहीत. ते त्या तक्त्यात जाऊन बसले.

हे मला एवढं मोठं का वाटतं ते सांगते. आमच्या गावच्या भजनी मंडळाची एक पुस्तिका होती, आजोबांनी गोळा केलेल्या अभंगांची. फोंड्याच्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेली. वीसेक वर्षांनी पुन्हा छापायची ठरली तेव्हा सीडीवरची फाइल उघडली. सगळी पानं रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं यांनी भरलेली. जुन्या फॉन्टांत रोमन अक्षराच्या घरात मराठी आकार बसवलेला असायचा. तो फॉन्ट हाताशी नसला की घरात मूळचा भाडेकरू दिसायला लागतो. त्या फाइलीतून एकही अभंग परत मिळाला नाही, सगळं पुन्हा टाइप केलं. स्टीफन्सने रोमनमध्ये छापलं तेव्हा निदान उच्चार जपला होता. आमच्या काळातल्या त्या फॉन्टांनी फक्त चित्र जपलं, उच्चार सोडून दिला. मला हे अक्षम्य वाटतं, अजूनही.

तिसऱ्या वर्षी कंपायलर डिझाईन, म्हणजे प्रोग्रामची भाषा मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर कसं करायचं, हा विषय आला आणि मी ठरवलं की स्टीफन्सच्या रोमन ओव्या देवनागरीत आणणारा प्रोग्राम लिहायचा. 1907 मध्ये मंगळूरला ख्रिस्तपुराणाची रोमन आवृत्ती निघाली होती, तिच्या काही पानांच्या झेरॉक्स फादरनी दिल्या. मी त्या उघडल्या आणि मला एक ओळ धड वाचता येईना. भाषा माझी, आणि मी अडाण्यासारखी बसलेली.

माझ्या बाकावर बाणावलीची एक मुलगी बसायची. तिने कागद ओढून घेतला आणि वाचायला लागली. थांबत नव्हती. "दोन एल म्हणजे ळ. दोन टी म्हणजे ट, त्याला एच लागला की ठ. एक्स म्हणजे श. क्यूला युरोपियन लोकांसारखं क म्हणायचं. एवढंही माहीत नाही?" तिची प्रार्थनेची पुस्तकं, तिच्या आजीची पत्रं, तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकांच्या, जाहिराती, सगळं रोमी कोंकणीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत. ती पद्धत थोड्याफार फरकाने तीच. पण वाचून झालं की ती माझ्याकडे बघायची: "आता याचा अर्थ काय?" हरळ म्हणजे खडे, चोखळ म्हणजे निर्मळ, हे मी सांगायचे. तिला अक्षरं येत होती, मला शब्द. एका ओवीला आम्ही दोघी लागत होतो.

1987 च्या राजभाषा कायद्यावर आम्ही एकदाच बोललो. त्यात कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी असं ठरलं, तिची रोमी बाहेर राहिली. मराठीला वापराची मुभा मिळाली, राजभाषेचा मान नाही. आपल्या आजीला वाचता येणाऱ्या लिपीला सरकारदरबारी जागा नाही याचं तिला वाईट वाटत होतं, आणि आजोबा वाचतात ती भाषा इथे पाहुणी ठरवली जाते याचं मला. त्यावर वाद घालायचं दोघींनाही सुचलं नाही. आम्ही पुन्हा झेरॉक्स उघडली.

प्रोग्रामचं पहिलं काम सोपं निघालं, कारण कंपायलरमध्ये तेच शिकवतात: अक्षरांच्या ओळीतून सगळ्यांत लांब बसणारा तुकडा आधी उचलायचा. टी-टी-एच दिसलं तर आधी ठ घ्यायचा, नुसता ट नाही. खरा गोंधळ स्वरांचा. रोमन ए हा अ देखील आणि आ देखील. 'मराठी' या शब्दात दोन ए, म्हणजे चार शक्यता: मरठी, मराठी, मारठी, माराठी. तीन ए असले की आठ. ओवीतल्या एका चरणाच्या कधीकधी हजारावर शक्यता व्हायच्या. मग मराठी शब्दांची यादी जोडली, यादीत सापडेल तो शब्द घ्यायचा. शेवटच्या वर्षी हाच आमचा प्रोजेक्ट झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, याचा उपयोग काय. बाणावलीची मैत्रीण म्हणाली, "माझ्या घरचं हिला वाचता येईल, सर. आणि हिच्या घरचं मला." परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

त्या वर्षी चतुर्थीला घरी गेले तेव्हा ओव्यांची चार पानं देवनागरीत छापून नेली होती. मोठ्या टाइपात, कारण आजोबांची नजर उतरली होती. आरत्या झाल्यावर, आरतीला वाजवायची घुमटं भिंतीला टेकवून ठेवली होती तेव्हा मी ती त्यांच्या हातात दिली. कुणाची म्हणून सांगितलं नाही. ते माटोळीखाली पाटावर बसले, पानं दिव्याजवळ धरली आणि हरिपाठाच्या चालीवर हळूहळू म्हणायला लागले. पहिला चरण झाला. तिथेच थांबले. पुन्हा म्हटला, पुन्हा थांबले.

"हे चुकलंय," म्हणाले.

मी वाकून पाहिलं. कागदावर होतं 'रत्नकिल्ला'.

"खड्यांत किल्ला कसला? आणि चालीत बसत नाही, अडखळतं. किळा पाहिजे इथं. किळा म्हणजे झळाळी. रत्नाची असते ती."

दोन एल. ळ देखील होतो आणि ल्ल देखील. माझ्या यादीत 'किल्ला' होता, 'किळा' नव्हता. बारावीपासून पाठ असलेली ओवी, आणि छापताना माझ्या नजरेला चूक दिसली नव्हती; मी प्रोग्रामवर विश्वास ठेवला होता. आजोबांनी कानावर ठेवला.

"कुणी केली ही ओवी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. राशोलही सांगितलं, सहाशे ठसेही सांगितले. ते बराच वेळ कागद हातात धरून होते. बाहेर पाऊस लागला होता. मग त्यांनी चष्मा पुसला, आईला पेन आणायला सांगितलं, 'किल्ला'वर काट मारून वर स्वतःच्या मोडी वळणाच्या अक्षरात 'किळा' लिहिलं आणि पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. या वेळी चौथ्या चरणापर्यंत कुठे थांबले नाहीत.

"अजून असतील ना?" त्यांनी मला विचारलं. "ह्या चारच पानांत झालं नसणार."

अकरा हजार आहेत म्हटलं. त्यांनी पानं नीट जुळवली आणि ज्ञानेश्वरीच्या फळीवर ठेवली. रात्री मी लॅपटॉप उघडून शब्दांच्या यादीत 'किळा' घातला, आणि त्याखाली त्यांना विचारून विचारून आणखी एकोणीस शब्द.